रसिकतेचे वतन खालसा करा

मराठी भाषेला केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा दिला. सत्कार झाले, अभिनंदनाचे ठराव झाले, भाषेच्या प्राचीनतेवर व्याख्याने झाली. भाषा किती जुनी आहे हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला असे धरून चालू. परंतु त्याहून अवघड प्रश्न कोणी विचारलाच नाही. या भाषेतील एखादी कथा, एखादी कविता, एखादे नाटक समोर आले असता ते स्वतःच्या बुद्धीने उलगडण्याची ताकद या भाषेच्या किती लेकरांपाशी आहे? भुदरगड, शाहूवाडी, राधानगरी, गडहिंग्लज या तालुक्यांतून एस.टी.ने महाविद्यालयात येणाऱ्या, घराण्यात पहिल्यांदाच पदवीचे तोंड पाहणाऱ्या मुलामुलींना ती ताकद देण्याची व्यवस्था आज अस्तित्वात आहे काय?

उत्तर स्पष्ट आहे. ती व्यवस्था नाही. जी आहे ती ताकद देण्याची नसून ती नसल्याचे झाकून ठेवण्याची आहे.

कुलकर्ण्याचे दप्तर

कोल्हापूरच्या वाचकाला वतन या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गावाचे दप्तर एका घराण्याच्या ताब्यात. ते लिहिणार कोण तर कुलकर्णी, वाचणार कोण तर कुलकर्णी, आणि त्यात काय लिहिले आहे हे रयतेला सांगणारही कुलकर्णीच. जमीन रयतेची, घाम रयतेचा, परंतु त्या जमिनीची नोंद वाचण्याची किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. या दोन निर्णयांचे नाते इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच नीट उलगडले जाते. केवळ अक्षरओळख दिल्याने दप्तर खुले होत नाही. दप्तर वाचण्याची रीत शिकवावी लागते. म्हणूनच महाराजांनी तलाठ्याच्या कामाचे शिक्षण निरनिराळ्या जातींच्या, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्याही, तरुणांना देवविले. हे काम रक्तातून येत नाही, ते शिकवल्याने येते, एवढे साधे सत्य त्यामागे होते.

साहित्याच्या प्रांतात मात्र वतनदारी अद्याप शाबूत आहे. तिचे नाव रसिकता. "कविता समजावी लागत नाही, ती भिडावी लागते", "रसिक जन्मावा लागतो", "विश्लेषण केले की फुलाच्या पाकळ्या गळून पडतात" ही वाक्ये साहित्य संमेलनांच्या व्यासपीठांवरून आणि वर्गातल्या फळ्यासमोरून पिढ्यान्पिढ्या उच्चारली जात आहेत. ऐकायला ती सुंदर आहेत. परंतु त्यांचा सामाजिक हिशेब मांडला तर काय दिसते? ज्याच्या घरी दोन पिढ्या पुस्तकांचे कपाट आहे, जेवताना नाटकावर चर्चा होते, सुट्टीत आजोबा कविता वाचून दाखवतात, त्याला ही "जन्मजात" रसिकता आपोआप लाभते. ज्याच्या घरी पुस्तक म्हणजे रेशनकार्ड आणि सोसायटीचे कर्जखाते, त्याला ती लाभत नाही. वारशाने मिळालेल्या मालमत्तेला गुण म्हणायचे आणि वारसा नसलेल्याला अरसिक ठरवायचे, ही वतनदारीची भाषा नाही तर कोणती?

रसिकता जन्मजात असती तर उच्चविद्याविभूषितांना कविता अचूक कळायला हवी होती. केंब्रिज विद्यापीठातील आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकाने नेमकी हीच परीक्षा घेतली. कवीचे नाव आणि काळ न सांगता त्याने आपल्या विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि त्यांच्याकडून लेखी अभिप्राय घेतले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ते अभिप्राय छापलेले आहेत. उत्तम घराण्यांतून आलेले, उत्तम शाळांतून शिकलेले ते तरुण साध्या वाक्याचा अन्वयार्थ लावतानाही अडखळत होते. ठरीव भावना आणि ऐकीव मते कवितेवर लादत होते. नावाचा आधार काढून घेताच थोर कविता त्यांना क्षुद्र वाटत होती आणि क्षुद्र कविता थोर. रिचर्ड्सने त्यांना अरसिक ठरवले नाही. वाचन हे शिकण्याचे आणि शिकवण्याचे काम आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

खासबागेतला प्रेक्षक

विश्लेषणाने आनंद नाहीसा होतो, या आक्षेपाला कोल्हापुरात तरी दूर जाऊन उत्तर शोधण्याचे कारण नाही. खासबाग मैदानात कुस्ती बघायला बसलेला जाणता प्रेक्षक पाहावा. ढाक कधी लागली, घिस्सा का फसला, एकचाकाची पकड कुठे ढिली पडली, हे त्याला क्षणात कळते. त्याला डाव कळतात म्हणून त्याची मजा उणी होते काय? उलट, ज्याला डाव कळत नाहीत त्याला दोन अंगे मातीत लोळताना दिसतात आणि तो जांभया देतो. कुस्तीचे ज्ञान तालमीत मिळते. कष्टकऱ्याचा पोर ते वस्तादाकडून घेतो, आणि "कुस्ती कळायला जन्म घ्यावा लागतो" असे त्याला कोणी सुनावत नाही. मग कवितेचीच तालीम का नसावी?

त्या तालमीची साधने याच शहरात घडली आहेत, हे तर अधिकच लक्षात ठेवण्याजोगे आहे. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या माधव जूलियनांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्यरचनेची शास्त्रशुद्ध मांडणी केली. लय ही धूसर, अनिर्वचनीय वस्तू नसून तिचे मोजमाप करता येते, तिचे नियम सांगता येतात आणि म्हणून ती शिकवता येते, हे त्या ग्रंथाने दाखवून दिले. आजचा विद्यार्थी त्या ग्रंथाचे नाव एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करतो. त्यातले मोजमाप जात्यावरच्या ओवीला लावून पाहा, असे त्याला कोणी सांगत नाही. ते लावले असते तर त्याला कळले असते की ओवीच्या लयीत बाईच्या दंडाची ओढ आहे, जात्याचा फेरा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांच्या प्रकल्पाने ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या विद्यार्थिनीच्या आजीने त्या गायल्या, तिलाच वर्गात "ओवी या छंदाची वैशिष्ट्ये लिहा" असे फर्मावले जाते आणि ती बिचारी ती वैशिष्ट्ये बाजारातल्या पुस्तिकेतून उतरवून घेते.

मार्गदर्शिकेचे अर्थशास्त्र

ही पुस्तिका, ही मार्गदर्शिका, विद्यार्थ्यांच्या आळसाची निशाणी मानण्याची प्रथा आहे. ते चूक आहे. कोणतीही वस्तू बाजारात खपते ती मागणी असल्यामुळे, आणि येथे मागणी निर्माण करते ती परीक्षा. शालेय कृतिपत्रिकेत कवितेसंबंधी विचारले जाते काय? कवीचे नाव, कवितेचा विषय, मिळणारा संदेश, कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. आवडीचे कारणसुद्धा छापील मिळते! सोळा वर्षांच्या मुलाला कविता का आवडली, हे त्याच्या आधी प्रकाशकाला ठाऊक असते. महाविद्यालयात तोच प्रकार मोठ्या आकारात चालतो. "पात्रचित्रण करा", "कथेचे वेगळेपण सांगा", "टीपा लिहा". प्रश्न ठरलेले, उत्तरे ठरलेली, आणि मूळ कथा न वाचताही प्रथम श्रेणी मिळण्याची सोय पक्की.

पुरवठ्याच्या बाजूला पाहावे तर चित्र याहून बिकट आहे. महाविद्यालयांतील पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर शिक्षक नेमले जातात. त्याला मोबदला शिकवलेल्या तासाचा. मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले दोन पानी विवेचन वाचणे, त्यातला चुकलेला तर्क दाखवणे, पुन्हा लिहून आणायला सांगणे, या कामाला त्या हिशेबात एक पैसाही नाही. विश्लेषण शिकवणे हे श्रमाचे काम आहे, आणि राज्यकर्त्यांना त्या श्रमाचे मोल द्यायचे नाही. तेव्हा ठरलेले प्रश्न हा शिक्षकाचाही नाइलाज ठरतो. पोटासाठी दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या त्या तरुण शिक्षकाला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. दोष या काटकसरीच्या धोरणाचा आहे.

वाचणे म्हणजे काय

विश्लेषण म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. काही साधे प्रश्न चिकाटीने विचारणे म्हणजे विश्लेषण. कोण बोलतो आहे? कोण गप्प आहे? हाच शब्द का, दुसरा का नाही? काय सांगितले नाही?

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेला मार्गदर्शिकेत "जातिव्यवस्थेचे विदारक चित्रण" असे लेबल लावले जाते आणि पान उलटले जाते. परंतु शीर्षकातल्या एका क्रियापदापाशी थांबावे. "लपवली" नव्हे, "चोरली". लपवणारा आपली वस्तू लपवतो. चोरणारा दुसऱ्याची घेतो. जात स्वतःचीच, तर चोरी कशाची झाली? राहायला खोली हवी म्हणून माणसाने माणूस म्हणून उभे राहणे, हीच समाजाच्या लेखी चोरी आहे. आणि हा आरोप दुसरा कोणी करत नाही, "मी" स्वतःच्या तोंडाने करतो. एका क्रियापदात सगळी दंडसंहिता उभी आहे. हे दाखवले की मुलाला कथा कळते, आणि आपल्या गावात बोलले जाणारे शब्दही नव्याने कळू लागतात.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. लीला बेणारे ही शिक्षिका, आणि तिच्यावर गंमत म्हणून चालवलेला खोटा खटला. आरोप भ्रूणहत्येचा. शेवटी शिक्षा काय, तर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची. ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याचे फर्मान! आणि ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे हे सारे घडले, ते रंगमंचावर येतच नाहीत. "स्त्रीवरील अन्याय" या दोन शब्दांत हे नाटक उरकणाऱ्याने ते वाचलेले नाही. न आलेल्या माणसाकडे बोट दाखवायला शिकणे, हा नाटक वाचण्याचा पहिला धडा. खऱ्या आयुष्यातल्या चौकशी समित्यांतही दामले बहुधा गैरहजरच असतात.

गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ सालचे. त्याची बोळवण "जरठ-बाला विवाहाची समस्या" अशी होते. एखाद्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे ते ठेवावे. बाप पैसे घेणार, मध्यस्थ आपला वाटा साधणार, म्हातारा नवरी नेणार. या व्यवहारात जिचा सौदा होतो तिची संमती तेवढी कोणी विचारत नाही. किंमत कोण बोलतो, कोणत्या शब्दांच्या आडून बोलतो, गद्यात काय येते आणि पदात काय येते, हे तपासले की सव्वाशे वर्षांपूर्वीचे नाटक आजच्या हुंड्याच्या बैठकीवर प्रकाश टाकू लागते. कोल्हापूरचे केशवराव भोसले बालवयात याच शारदेच्या भूमिकेने गाजले. त्यांच्या नावाचे, शाहूकाळात उभे राहिलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले तेव्हा शहर हळहळले, आणि ते रास्तच होते. परंतु ज्या शहराला नाट्यगृहाचे एवढे ममत्व, त्याच्या वर्गांत नाटक मात्र निबंधासारखे मुकाट्याने वाचले जाते. दोन मुलांना उभे करून एक प्रवेश म्हणवून घेण्याचीही तसदी घेतली जात नाही. छप्पर पुन्हा घालता येईल. कान कोण घडवणार?

आनंद यादवांच्या 'गोतावळा' या १९७१ सालच्या कादंबरीत शेतावर ट्रॅक्टर येतो आणि जनावरांबरोबर सालगड्याचेही जग मोडते. ती कागलकडच्या बोलीत बोलते. पुण्याच्या समीक्षकाला त्या बोलीसाठी कोश लागेल. येथल्या विद्यार्थ्याला लागणार नाही. या पुस्तकापुरता तरी वर्गातला तज्ज्ञ तोच आहे. पण त्याला हे कोणी सांगतच नाही. "ग्रामीण बोलीचा प्रभावी वापर" हे चार शब्द लिहून तो आपल्याच भाषेला परक्यासारखा सामोरा जातो.

स्वकीयांनाही दोन शब्द

दोष फक्त रसिकतेच्या वतनदारांचा आणि बाजाराचा, असे म्हणून पुरोगामी छावणीला हात झटकता येणार नाहीत. या छावणीनेही वाचनाला एक सोपा पर्याय शोधून ठेवला आहे. लेखकाचा वर्ग बघा, जात बघा, पुरोगामी की प्रतिगामी हा शिक्का मारा, आणि मोकळे व्हा. हीसुद्धा मार्गदर्शिकाच, फक्त तिचे मुखपृष्ठ लाल आहे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर या, कोल्हापुराशी निकट संबंध असलेल्या, दोन लेखकांच्या नावावर "कलेसाठी कला की जीवनासाठी कला" हा वाद गाजला. विद्यार्थी तो वाद आजही टीप म्हणून पाठ करतात. एका बाजूने टाळ्या घेतल्या, दुसऱ्या बाजूने टाळ्या घेतल्या. परंतु समोरच्या कथेतले वाक्य कसे चालते, हे दोन्ही बाजूंच्या अनुयायांनी शिकवायचे टाळले.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव पुरोगामी व्यासपीठांवर आदराने घेतले जाते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सुभाषितरत्नकोशा'च्या प्रस्तावनेत त्यांनी संस्कृत काव्याचे वर्गीय स्वरूप परखडपणे मांडले. त्याच संग्रहाचा अनुवाद करणाऱ्या डॅनियल इंगॉल्स यांना ते मान्य झाले नाही, आणि त्यांनीही ते तसे लिहून ठेवले. हा मतभेद अभ्यासण्यासारखा आहे. परंतु शिक्केबाजांनी विसरू नये ते हे की, कोसंबींनी वर्गीय निवाडा देण्याआधी हस्तलिखितांशी झुंज दिली होती. भर्तृहरीच्या श्लोकांसाठी त्यांनी शेकडो पोथ्या पडताळल्या. एकेक पाठ, एकेक शब्द तपासला. आधी वाचन, मग निवाडा. हा क्रम उलटा करणाऱ्याला मार्क्सवादीही म्हणू नये आणि समीक्षकही म्हणू नये.

महात्मा फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीकडून त्याला दाद मिळाली नाही, आणि ते छापून सर्वांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. त्या नाटकात विदूषक येतो आणि भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा बोलण्यात गुंडाळतो, हे प्रेक्षकाला उकलून दाखवतो. भाषेच्या जाळ्याचे असे चालत्या प्रवेशात विश्लेषण करणारा हा विदूषक बहुजनांचा पहिला साहित्यशिक्षक म्हटला पाहिजे. तो संदेश देऊन थांबत नाही. जाळे कसे विणले जाते, ते तो दाखवतो.

हे कशासाठी?

एवढी महागाई, एवढी बेकारी असताना कथा-कवितेच्या विश्लेषणाची चैन कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने या जिल्ह्यातील सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आठवाव्यात. जाडजूड अहवाल सभासदांच्या हाती पडतो, व्यासपीठावरून विषय वाचला जातो आणि "मंजूर, मंजूर"च्या आरोळीत लाखो-कोटींचे निर्णय पार पडतात. तेथे कोण बोलतो आहे, कोण गप्प आहे, हाच शब्द का, काय सांगितले नाही, हे प्रश्न कोणी विचारत नाही. कारण ते विचारण्याची सवय शाळेत, कवितेच्या तासाला, मोडून टाकलेली असते. संदेश शोधायला शिकवलेला माणूस पुढाऱ्याच्या भाषणातही संदेशच शोधतो आणि तो घेऊन घरी जातो. साहित्य केवळ यासाठी वाचायचे नसते, हे खरे. परंतु जो कवितेतला शब्द वजन करून पाहू शकतो, त्याला जाहीरनाम्यातला शब्दही हलका लागतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली: शालान्त परीक्षेत अपठित उताऱ्याला जागा आहे, तेच तत्त्व पदवीपर्यंत आणि कवितेपर्यंत न्यावे. कधी न पाहिलेली कथा वा कविता समोर ठेवावी आणि मुलाचे स्वतःचे, पुराव्यानिशी केलेले विवेचन तपासावे. ज्या दिवशी असे होईल त्या दिवशी मार्गदर्शिकेचा बाजार आपोआप उठेल. दुसरी: रिक्त जागा पूर्णवेळ भराव्यात आणि लेखन तपासण्याचे काम हा अध्यापनाचा मोबदलायोग्य भाग मानावा. तिसरी: नाटक वर्गात मोठ्याने वाचले जावे, उभे केले जावे. चौथी: वाचनमंडळे ग्रंथालयांत भरावीत. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, म्हणजे मद्रास प्रांताच्या १९४८ सालच्या कायद्याच्याही आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. ज्या भूमीने हे केले तिच्या गावोगावच्या वाचनालयांतून वृत्तपत्रापलीकडे काही घडू नये, ही नामुष्की आहे.

आणि शासन यातले काही करीपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पक्षाच्या, संघटनांच्या, युवक मंडळांच्या अभ्यासवर्गांत ठराव पुष्कळ वाचले जातात. त्यांतला एक तास एका कथेला द्यावा. वक्ता नको, अध्यक्ष नको, हार-तुरे नकोत. कथा वाचावी आणि पहिला प्रश्न सगळ्यांत शेवटच्या रांगेत बसलेल्याला विचारावा. महाराजांनी गावचे दप्तर शंभर वर्षांपूर्वी खुले केले. भाषेचे दप्तर अजून कुलूपबंद आहे. त्याचे वतनदार ते आपण होऊन उघडतील, अशी भाबडी आशा धरू नये. वतने आपण होऊन सुटत नाहीत. ती खालसा करावी लागतात.